ल्युसिल बॉल: जीवन आणि कारकीर्द – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युसिल बॉल कोण होत्या?

अमेरिकी दूरचित्रवाणी नुकती घराघरांत शिरत होती, त्या काळात तिच्यावरील सर्वांत लोकप्रिय विनोदी मालिकेची नायिका म्हणजे ल्युसिल बॉल. ‘आय लव्ह ल्युसी’ ही त्यांची मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएस या वाहिनीवर सुरू झाली आणि ६ मे १९५७ पर्यंत तिचे १८० भाग प्रक्षेपित झाले. सहापैकी चार हंगामांत ती अमेरिकेतील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. मालिका सुरू झाली तेव्हा बॉल चाळीस वर्षांच्या होत्या, आणि त्याआधी जवळजवळ अठरा वर्षे त्या हॉलीवूडमध्ये काम करत होत्या. त्यांच्याविषयी लिहिताना त्यांची तोंडे वेडीवाकडी करण्याची कला सर्वांना आठवते. ती कला किती कष्टाने कमावलेली होती आणि त्या कलेचे मोल त्यांनी व त्यांच्या पतीने व्यवहारात कसे वसूल केले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. या पानावरील बराचसा मजकूर त्या दोन गोष्टींविषयी आहे.

मराठी प्रेक्षकांना हे नाव तुलनेने अपरिचित का आहे?

ही मालिका सुरू झाली तेव्हा भारतात दूरचित्रवाणीच नव्हती. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सप्टेंबर १९५९ मध्ये सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तोपर्यंत ‘आय लव्ह ल्युसी’ संपून पंधरा वर्षे झाली होती. त्यामुळे ज्या पिढीने चार्ली चॅप्लिन आणि लॉरेल-हार्डी चित्रपटगृहात पाहिले, त्या पिढीपर्यंत ल्युसिल बॉल पोहोचल्याच नाहीत. प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रित केलेला विनोदी मालिकेचा जो प्रकार आज जगभर रूढ आहे, त्याचा साचा मात्र त्यांच्याच मालिकेत पक्का झाला.

त्यांचे बालपण कसे गेले?

ल्युसिल डिझिरे बॉल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन या गावी झाला. वडील हेन्री बॉल टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करत. १९१५ मध्ये विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ल्युसिल साडेतीन वर्षांच्या होत्या आणि आई गरोदर होती. पुढे त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ बराच काळ जेम्सटाउनजवळच्या सेलोरॉन येथे आजोळी वाढले. आजोबा फ्रेड हंट हे नाटकवेडे होते आणि नातवंडांना गावात येणारे खेळ पाहायला नेत. ते कट्टर समाजवादीही होते, आणि त्यांच्या या मतांमुळे नातीवर पुढे एक मोठे संकट ओढवले. त्याविषयी खाली स्वतंत्र प्रश्न आहे.

१९२७ साली त्यांच्या अंगणात बंदुकीने नेमबाजी करताना अपघात झाला आणि शेजारचा एक मुलगा कायमचा अपंग झाला. मुलांवर देखरेख आजोबांची होती, म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि कुटुंबाचे राहते घर गेले. बॉल यांच्या पुढच्या आयुष्यातील काटकसर, कामाची धास्ती आणि आप्तांना एकत्र धरून ठेवण्याची ओढ यांची मुळे या घटनेत असावीत, असे मला वाटते.

नाट्यशाळेतून त्यांना परत पाठवण्यात आले होते, हे खरे आहे का?

होय. किशोरवयात आईने त्यांना न्यूयॉर्क शहरात जॉन मरी अँडरसन यांच्या नाट्यशाळेत घातले. त्या वेळी त्याच शाळेत बेटी डेव्हिस ही, पुढे चित्रपटांत नामांकित झालेली, विद्यार्थिनी गाजत होती. ल्युसिल मात्र इतक्या बुजऱ्या होत्या की शिक्षकांनी आईला, या मुलीवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही, असे कळवले. त्या घरी परतल्या, पुन्हा न्यूयॉर्कला गेल्या आणि हॅटी कार्नेगी या वेशकारांकडे मॉडेल म्हणून उभ्या राहू लागल्या. तेवढ्यात सांधे धरणाऱ्या आजाराने त्यांना गाठले आणि त्यातून बरे व्हायला जवळपास दोन वर्षे गेली. पायांवर नीट उभे राहणेही ज्यांना नव्याने शिकावे लागले, त्यांचे नाव पुढे शारीरिक विनोदासाठी घेतले जावे, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत हृद्य वाटते.

चित्रपटांत त्यांना यश का मिळाले नाही?

यश अगदीच मिळाले नाही, असे म्हणता येणार नाही. मिळाले ते मधल्या फळीतले. १९३३ मध्ये ‘रोमन स्कँडल्स’ या चित्रपटातील नृत्यसमूहातून त्या हॉलीवूडमध्ये आल्या. नंतर आरकेओ या स्टुडिओच्या करारबद्ध नटी म्हणून त्यांनी असंख्य बारीकसारीक भूमिका केल्या. १९३७ च्या ‘स्टेज डोअर’मध्ये कॅथरिन हेपबर्न आणि जिंजर रॉजर्स यांच्यासोबत त्या लक्षात राहिल्या, आणि १९४२ च्या ‘द बिग स्ट्रीट’मध्ये हेन्री फोंडा यांच्यासमोर त्यांनी एक कडवट, गंभीर भूमिका उत्तम केली. तरीही कमी खर्चाच्या, दुय्यम दर्जाच्या चित्रपटांची राणी अशीच त्यांची ओळख राहिली.

याचे कारण त्यांच्या अंगी गुण नव्हते असे नाही. त्या दिसायला नायिकेसारख्या होत्या, म्हणून स्टुडिओ त्यांना नायिकेच्या साच्यात बसवायचे. चेहरा विद्रूप करायला, अंगावर चिखल उडवून घ्यायला तयार असलेली सुंदर स्त्री हा प्रकार त्या काळच्या चित्रपटव्यवसायाला नीट हाताळता आला नाही. एमजीएम स्टुडिओत असताना मूकपटांचे थोर विनोदवीर बस्टर कीटन यांनी मात्र त्यांच्यातील ही चमक ओळखली. वस्तूंशी कसे खेळावे, पडावे कसे आणि पडण्याआधी थांबावे किती, याचे धडे त्यांनी बॉल यांना दिले.

त्यांचे प्रसिद्ध लाल केस खरे होते का?

नाही. त्यांचे मूळ केस तपकिरी होते. १९४२ मध्ये एमजीएमच्या केशभूषाकारांनी रंगीत चित्रपटासाठी ते भडक लाल केले आणि तो रंग त्यांनी पुढे आयुष्यभर ठेवला. ‘आय लव्ह ल्युसी’ कृष्णधवल होती, त्यामुळे ज्या केसांची एवढी कीर्ती झाली, त्यांचा रंग प्रेक्षकांना मालिकेत कधीच दिसला नाही.

देसी आर्नाझ कोण होते?

देसी आर्नाझ यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी क्युबातील सांतियागो येथे एका सधन घराण्यात झाला. वडील त्या शहराचे महापौर होते. १९३३ च्या क्रांतीत कुटुंबाची मालमत्ता गेली आणि पितापुत्र अमेरिकेत आश्रयाला आले. देसी यांनी पडेल ते काम केले, मग वाद्यवृंदात गाऊ-वाजवू लागले आणि थोड्याच वर्षांत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९४० मध्ये आरकेओच्या ‘टू मेनी गर्ल्स’ या चित्रपटाच्या वेळी त्यांची आणि ल्युसिल यांची भेट झाली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला दोघांनी लग्न केले. त्यांना दोन मुले झाली: १९५१ मध्ये मुलगी ल्युसी आणि १९५३ मध्ये मुलगा देसी (धाकटा).

लग्नानंतरची पहिली दहा वर्षे दोघे क्वचितच एका ठिकाणी असत. एक चित्रपटांत, दुसरा वाद्यवृंद घेऊन गावोगावी. मालिकेची कल्पना मनात धरण्यामागे ‘एकत्र राहता यावे’ हे साधे घरगुती कारण होते.

मालिका कशी सुरू झाली?

१९४८ पासून बॉल सीबीएस रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही विनोदी मालिका करत होत्या. रेडिओची मालिका असूनही ती प्रेक्षकांसमोर सादर होत असे. समोरून हशा आला की बॉल यांचा अभिनय खुलतो, हे तिथे सर्वांच्या लक्षात आले. निर्माते-लेखक जेस ऑपेनहायमर आणि लेखकद्वय मॅडेलिन प्यू व बॉब कॅरल ही मंडळी इथूनच त्यांच्यासोबत पुढे गेली.

वाहिनीला ही मालिका दूरचित्रवाणीवर आणायची होती, पण बॉल यांनी पतीची भूमिका देसी यांनाच मिळावी असा आग्रह धरला. परदेशी उच्चारांत इंग्रजी बोलणारा क्युबन माणूस अमेरिकी स्त्रीचा नवरा म्हणून प्रेक्षकांना पटणार नाही, असे वाहिनीच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात ते नवराबायको होतेच. वाद घालत बसण्याऐवजी दोघांनी १९५० च्या उन्हाळ्यात दोघांचाच एक विनोदी कार्यक्रम बसवला आणि निरनिराळ्या शहरांतील रंगमंचांवर त्याचे प्रयोग केले. प्रेक्षकांनी तो उचलून धरला, आणि मार्च १९५१ मध्ये मालिकेचा नमुना-भाग तयार झाला.

मालिकेचे कथानक काय आहे?

न्यूयॉर्कमधील एका भाड्याच्या घरात रिकी रिकार्डो हा क्युबन गायक आणि त्याची बायको ल्युसी राहतात. ल्युसीला काहीही करून रंगमंचावर जायचे आहे आणि रिकीला तिने घर सांभाळावे असे वाटते. घरमालक फ्रेड आणि एथेल मर्ट्झ हे त्यांचे शेजारी आणि मित्र. ल्युसी काहीतरी बेत रचते, एथेलला त्यात ओढते, बेत अंगाशी येतो. इतकीच चौकट आहे, आणि तिच्यात जे घडते त्याला मात्र अंत नाही.

चित्रीकरणाच्या पद्धतीत एवढे विशेष काय होते?

१९५१ मध्ये बहुतेक महत्त्वाचे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. देशाच्या दुसऱ्या टोकाला ते दाखवायचे असतील तर टीव्हीच्या पडद्यासमोरच कॅमेरा लावून त्याचे फिल्मवर चित्रण करत, आणि ती धूसर, फिकट प्रत तिकडे पाठवत. प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी होती. बहुसंख्य प्रेक्षक पूर्व भागात असल्याने त्यांना अशी धूसर प्रत दाखवणे तिला मान्य नव्हते, म्हणून मालिका न्यूयॉर्कहूनच व्हावी असा तिचा आग्रह होता. बॉल आणि आर्नाझ यांना मात्र लॉस एंजेलिस सोडायचे नव्हते.

देसी यांनी यावर सुचवलेला तोडगा असा, की मालिका चित्रपटासारखी ३५ मिमी फिल्मवरच चित्रित करावी, म्हणजे देशभर सर्वांना सारखेच स्वच्छ चित्र दिसेल. पण बॉल यांना समोर प्रेक्षक हवे होते, आणि चित्रपट तर तुकड्यातुकड्यांनी, दिवे आणि कॅमेरा हलवत चित्रित होतो. प्रेक्षकांना ताटकळत ठेवून विनोद कसा रंगणार? त्यासाठी तीन फिल्म-कॅमेरे एकाच वेळी चालवायचे आणि प्रसंग नाटकासारखा सलग करायचा, असे ठरले. ही युक्ती अगदीच नवी होती असे नाही, कारण इतर काही कार्यक्रमांनी फिल्मवर अनेक कॅमेरे वापरून पाहिले होते. कथा असलेल्या मालिकेत, खऱ्या प्रेक्षकांसमोर, दर आठवड्याला ती यशस्वीपणे राबवून रूढ करण्याचे श्रेय मात्र या मालिकेचे आहे.

खरी अडचण प्रकाशयोजनेची होती. एका कॅमेऱ्यासाठी केलेला उजेड दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी चुकीचा ठरतो. त्यासाठी कार्ल फ्रॉइंड यांना बोलावण्यात आले. जर्मनीतील ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटाचे छायाचित्रण करणारे आणि पुढे ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळवणारे हे बुजुर्ग छायालेखक विनोदी मालिकेसाठी येतील असे कोणाला वाटले नव्हते. त्यांनी दिवे वर टांगून संपूर्ण नेपथ्यावर एकसारखा उजेड पाडला आणि कृष्णधवल चित्रात छटा नीट उतराव्यात म्हणून नेपथ्य करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांत रंगवून घेतले. त्यामुळे प्रसंगाच्या मध्ये दिवे बदलण्याची गरज उरली नाही. सुमारे तीनशे प्रेक्षक बाकांवर बसत. त्यांच्यात बॉल यांची आई जवळजवळ प्रत्येक वेळी असे, आणि लेक संकटात सापडणार असे दिसताच तिच्या तोंडून निघालेला धास्तीचा उद्गार अनेक भागांत ऐकू येतो.

फिल्मची मालकी त्यांच्याकडे कशी आली?

फिल्मवर चित्रीकरण करण्याचा खर्च जास्त होता आणि तो सोसायला वाहिनी व प्रायोजक तयार नव्हते. तेव्हा दोघांनी आठवड्याच्या मानधनातून एक हजार डॉलर कमी घेण्याचे मान्य केले आणि बदल्यात तयार झालेल्या सर्व भागांची मालकी आपल्या ‘देसिलू’ या कंपनीकडे मागितली. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाला पुढे किंमत असते, असे त्या वेळी कोणी मानत नव्हते, म्हणून ती सहज मिळाली.

बॉल बाळंतपणासाठी कामातून बाहेर होत्या तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते आनंदाने पाहिले. मालिकांचे पुनःप्रक्षेपण आज इतके अंगवळणी पडले आहे की त्याची सुरुवात कुठेतरी झाली असेल हे ध्यानातही येत नाही. १९५७ मध्ये देसिलूने या भागांचे हक्क मोठ्या रकमेला सीबीएसला विकले. भाग अजूनही दाखवले जातात आणि चित्र आजही स्वच्छ दिसते, कारण ते ३५ मिमी फिल्मवर आहे.

त्यांचा विनोद उत्स्फूर्त होता का?

नाही, आणि हा गैरसमज दूर होणे फार आवश्यक आहे. पडद्यावर ल्युसीच्या हातून जे काही ‘चुकून’ घडते, ते लेखकांनी कागदावर नेमकेपणाने लिहिलेले असे. मॅडेलिन प्यू अनेकदा ते प्रसंग आधी स्वतः करून पाहत, म्हणजे एखादी स्त्री ते करू शकेल की नाही आणि दुखापत होईल की नाही, हे कळावे. त्यानंतर आठवडाभर तालीम चाले. प्रसंगात जी वस्तू वापरायची ती बॉल तालमीच्या सुरुवातीपासून हातात मागत आणि ती अंगवळणी पडेपर्यंत सोडत नसत.

१५ सप्टेंबर १९५२ रोजी दाखवलेला चॉकलेटच्या कारखान्यातील प्रसंग याचे उत्तम उदाहरण आहे. सरकत्या पट्ट्यावरून येणारे प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळायचे आहे. पट्ट्याचा वेग वाढत जातो, आणि ल्युसी व एथेल उरलेली चॉकलेटे तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबू लागतात. हा प्रसंग नीट पाहिला तर बॉल यांच्या चेहऱ्यावर चार अवस्था क्रमाने येताना दिसतात: आत्मविश्वास, शंका, भीती आणि शेवटी लबाडी. त्यातील एकही दुसरीवर आदळत नाही. घाई पट्ट्याला आहे, अभिनेत्रीला नाही. त्याच वर्षी ५ मे रोजी दाखवलेल्या दुसऱ्या एका भागात ल्युसी एका टॉनिकच्या जाहिरातीची तालीम करताना त्यातील मद्यार्कामुळे हळूहळू झिंगत जाते. औषधाचे लांबलचक नाव दर खेपेला थोडेसे अधिक बिघडते, आणि त्या बिघाडाची प्रत्येक पायरी मोजूनमापून टाकलेली आहे.

प्रत्यक्ष आयुष्यात बॉल फारशा विनोदी नव्हत्या, असे त्यांच्यासोबत काम केलेल्यांनी सांगितले आहे. त्या शिस्तीच्या, कडक आणि काम अचूक होईपर्यंत न थांबणाऱ्या होत्या. लेखकांचे ऋण मात्र त्यांनी नेहमी जाहीरपणे मान्य केले.

मर्ट्झ दांपत्याची कामे कोणी केली?

एथेलची भूमिका व्हिव्हियन व्हान्स यांनी आणि फ्रेडची विल्यम फ्रॉली यांनी केली. दोघांच्या वयात बावीस वर्षांचे अंतर होते आणि पडद्याबाहेर त्यांचे मुळीच जमत नसे. व्हान्स यांना या भूमिकेसाठी एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. ल्युसीचा वेडेपणा खरा वाटतो, तो एथेलच्या चेहऱ्यावर आधी उमटलेल्या धास्तीमुळे. व्हान्स यांच्या या कामाची पुरेशी वाखाणणी झालेली नाही.

गरोदरपणाचा भाग एवढा का गाजला?

१९५२ मध्ये बॉल दुसऱ्यांदा गरोदर राहिल्या तेव्हा मालिका बंद पडेल अशी शक्यता होती. पोट लपवावे, नायिकेला खुर्चीमागे उभे करावे, असे सल्ले मिळाले. देसी आणि ऑपेनहायमर यांनी उलट दिशा धरली आणि ल्युसीलाही गरोदर केले. वाहिनीने गरोदरपणाचा थेट शब्द उच्चारायला मनाई केली, त्याऐवजी ‘बाळाची वाट पाहत आहे’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला गेला. संहितांत काही आक्षेपार्ह नाही ना, हे पाहण्यासाठी एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि एक रब्बी (ज्यू धर्मगुरू) यांना त्या वाचायला दिल्या जात.

१९ जानेवारी १९५३ रोजी ल्युसीच्या बाळंतपणाचा, आधी चित्रित केलेला भाग दाखवला गेला, आणि त्याच दिवशी बॉल यांनी शस्त्रक्रियेद्वारे मुलाला जन्म दिला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी झाला, त्याला याहून कितीतरी कमी प्रेक्षक होते. दूरचित्रवाणीवर गरोदर स्त्री दाखवणारी ही पहिलीच मालिका होती, असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. १९४८ मधील एका मालिकेत ते आधी घडले होते.

त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप झाला होता का?

होय. १९३६ मध्ये मतदारनोंदणी करताना बॉल यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या बाजूने नाव नोंदवले होते. आजोबा फ्रेड हंट यांच्या समाधानासाठी आपण आणि घरच्यांनी तसे केले, असे त्यांनी सांगितले. सप्टेंबर १९५३ मध्ये, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या चौकश्या चालू असलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या काळात, अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीच्या अधिकाऱ्यासमोर त्यांची बंद दाराआड जबानी झाली. काही दिवसांतच रेडिओवरील एका नामांकित वार्ताकाराने नाव न घेता त्याचा उल्लेख केला आणि बातमी फुटली.

त्या काळात अशा आरोपाने कित्येक लेखक-कलावंत कायमचे देशोधडीला लागले. ११ सप्टेंबरच्या चित्रीकरणाआधी देसी यांनी प्रेक्षकांसमोर येऊन स्वतःच्या देशत्यागाची आठवण दिली आणि, ल्युसीचे फक्त केस लाल आहेत व तेही खरे नाहीत, असे म्हटले. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्रायोजक आणि वाहिनी पाठीशी राहिले आणि प्रकरण मिटले. बॉल निर्दोष होत्या म्हणून वाचल्या, एवढेच म्हणणे मला अपुरे वाटते. तितकेच निर्दोष असलेले अनेक जण बुडाले. बॉल यांच्या मागे देशातील सर्वांत लोकप्रिय मालिका उभी होती.

संसार का मोडला?

देसी यांचे मद्यपान, परस्त्रियांशी संबंध आणि वाढत्या कंपनीचा ताण ही कारणे सर्वज्ञात आहेत. १९६० मध्ये घटस्फोट झाला. जी मालिका एकत्र राहता यावे म्हणून सुरू झाली, तिच्या यशाने उभा राहिलेला व्यापच दोघांना पेलेनासा झाला. १९६१ मध्ये बॉल यांनी विनोदवीर गॅरी मॉर्टन यांच्याशी विवाह केला आणि तो अखेरपर्यंत टिकला. देसी यांच्याशी मैत्रीही टिकली. २ डिसेंबर १९८६ रोजी देसी यांचे निधन झाले, त्यानंतर काही दिवसांनीच बॉल यांना केनेडी सेंटरचा कलावंतांना दिला जाणारा सन्मान मिळाला. त्या समारंभात देसी यांनी मृत्यूपूर्वी लिहिलेला गौरवपर मजकूर वाचून दाखवण्यात आला.

त्या स्टुडिओच्या प्रमुख कशा झाल्या?

१९५७ च्या अखेरीस देसिलूने साठ लाख डॉलरांहून थोड्या अधिक किमतीला आरकेओ स्टुडिओची जागा विकत घेतली. ज्या आवारात बॉल किरकोळ भूमिका करत होत्या आणि ज्या कंपनीच्या चित्रपटात त्यांना पती भेटला, ते सारे आता त्यांच्या मालकीचे होते. १९६२ मध्ये त्यांनी देसी यांचा हिस्सा विकत घेतला आणि कंपनीचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. हॉलीवूडमधील मोठ्या निर्मितीसंस्थेचा कारभार पाहणाऱ्या त्या काळातील त्या एकमेव स्त्री होत्या.

अध्यक्ष म्हणून त्यांनी घेतलेला सर्वांत दूरगामी निर्णय विनोदाशी संबंधित नव्हता. जीन रॉडनबेरी यांची ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळमालिका अतिशय खर्चीक होती. पहिला नमुना-भाग एनबीसी वाहिनीने नाकारला आणि दुसरा मागवला. कंपनीतील अनुभवी मंडळींना यात बुडण्याची भीती वाटत होती, तरी बॉल यांनी पाठिंबा काढला नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन: इम्पॉसिबल’ या दोन्ही देसिलूच्या मालिका सुरू झाल्या. पुढच्या वर्षी बॉल यांनी कंपनी गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाला १ कोटी ७० लाख डॉलरांना विकली. या दोन्ही नावांवर पुढे किती चित्रपट आणि मालिका निघाल्या, हे वाचकांना सांगायला नको.

‘आय लव्ह ल्युसी’नंतर त्यांनी काय केले?

‘द ल्युसी शो’ (१९६२–१९६८) या मालिकेत त्यांनी दोन मुलांच्या विधवा आईची भूमिका केली आणि व्हान्स यांनी घटस्फोटित मैत्रिणीची. ‘हिअर्स ल्युसी’ (१९६८–१९७४) मध्ये त्यांची स्वतःची दोन्ही मुले त्यांच्या मुलांच्या भूमिकांत होती. दोन्ही मालिका लोकप्रिय झाल्या. त्यांच्या चार एमी पुरस्कारांपैकी दोन ‘द ल्युसी शो’साठी आहेत. १९७४ चा ‘मेम’ हा संगीतपट समीक्षकांनी झोडपला. १९८५ मध्ये ‘स्टोन पिलो’ या दूरचित्रपटात त्यांनी रस्त्यावर राहणाऱ्या वृद्धेची भूमिका केली. १९८६ ची ‘लाइफ विथ ल्युसी’ ही शेवटची मालिका आठ भागांनंतर बंद झाली आणि ते अपयश त्यांच्या फार जिव्हारी लागले. पंचाहत्तरीतील स्त्रीला शिडीवरून पडताना पाहून प्रेक्षक हसत नव्हते, त्यांना काळजी वाटत होती.

आज ही मालिका पाहताना काही खटकते का?

खटकते. रिकी बायकोला पैशांचा हिशेब मागतो, कामाला जाऊ देत नाही आणि काही भागांत तिला मांडीवर आडवी घेऊन मारतो, तेही विनोद म्हणून. हे काळाच्या नावावर सोडून देऊ नये. त्याच वेळी हेही पाहावे की दर आठवड्याला ल्युसी पुन्हा घराबाहेर पडण्याचा बेत आखते. एकाही पराभवाने ती शहाणी होत नाही आणि प्रेक्षकाची सारी सहानुभूती तिच्याच बाजूला असते. शिवाय घरात बसवलेल्या त्या बायकोची भूमिका करणारी स्त्री प्रत्यक्षात कंपनीची भागीदार होती. एका क्युबन स्थलांतरिताला चेष्टेचा विषय न करता यशस्वी, रुबाबदार नवरा म्हणून दर आठवड्याला घराघरांत नेणे, ही १९५१ च्या अमेरिकेत लहान गोष्ट नव्हती. त्याच्या उच्चारांची थट्टा मालिकेत फक्त ल्युसीच करते, हा पाळलेला दंडक होता.

त्यांचे निधन कधी झाले आणि त्यांची स्मारके कुठे आहेत?

मार्च १९८९ मध्ये ऑस्कर सोहळ्यात विनोदवीर बॉब होप यांच्यासोबत त्या शेवटच्या जाहीरपणे दिसल्या. हृदयाच्या महाधमनीवरील शस्त्रक्रियेनंतर २६ एप्रिल १९८९ रोजी लॉस एंजेलिस येथे, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना अमेरिकेचे ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मरणोत्तर देण्यात आले. त्यांच्या अस्थी पुढे मुलांनी जेम्सटाउनला आई-वडिलांशेजारी नेल्या. तेथे ल्युसी आणि देसी यांचे संग्रहालय आहे. सेलोरॉनमध्ये २००९ साली बसवलेला त्यांचा पुतळा इतका बेढब होता की गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी तक्रारी केल्या. २०१६ मध्ये तेथे नवा, त्यांच्यासारखा दिसणारा पुतळा उभारला गेला.

पाहायला सुरुवात कोणत्या भागांपासून करावी?

वर उल्लेखलेले टॉनिकच्या जाहिरातीचे आणि चॉकलेट कारखान्याचे भाग आधी पाहावेत. त्यांना भाषेची अडचण जवळजवळ येत नाही. त्यानंतर १९५५ मधील, विनोदवीर हार्पो मार्क्स यांच्यासोबतचा भाग पाहावा. त्यात हार्पोचाच वेश केलेली ल्युसी त्यांच्यासमोर आरशातील प्रतिबिंब बनून उभी राहते. १९५६ मधील इटलीचा भागही पाहावा, ज्यात ती द्राक्षे तुडवायला हौदात उतरते. पहिल्या हंगामापासून क्रमाने पाहण्याची सवड असेल तर उत्तमच. मात्र सुरुवातीच्या काही भागांत पात्रे अजून स्थिरावलेली नाहीत, त्यामुळे तेवढ्यावरून मत बनवू नये.